गालातला बदाम

आमच्या होल्मो बेटावर कारभारी निवडायला मतपेटी लागत नाही. बिडाचं आप्पेपात्र लागतं, विणकामाची एक लांब सुई लागते आणि एक सोललेला बदाम लागतो.

नाताळाआधीच्या दुसऱ्या रविवारी, न्याहारीला उशीर झालेला आणि जेवणाला अजून वेळ आहे अशा सुमाराला, ज्याची पाळी असेल त्याच्या घरी सगळं बेट जमतं. घरटी एकानं टेबलाशी बसायचं, ज्याच्या घरी पात्र त्यानं नुसते आप्पे काढायचे, बाकीच्यांनी भिंतीकडेला कॉफी पीत उभं राहायचं. मैदा, अंडी, ताक आणि वेलदोड्याची पूड यांचं सैलसर पीठ, पात्राच्या प्रत्येक खळग्यात सफरचंदाची एक फोड, वरून पुन्हा पीठ, आणि सुईच्या टोकानं गर्रकन उलटवलेले गोल गोल आप्पे. त्यांवर पिठीसाखर. त्या ढिगातल्या एकाच आप्प्यात बदाम असतो, आणि तो ज्याच्या तोंडात येईल तो वर्षभर बेटाचा कारभारी. कुणाच्या कोंबड्यांनी कुणाचं काय उकरलं इथपासून बोट कधी सुटावी इथपर्यंत मग त्याचाच शब्द चालतो.

पण बदाम लागला म्हणून ओरडायचं नाही. तो गालात दडवायचा आणि चेहऱ्यावर सुरकुती न हलवता खात राहायचं. पिठाचं भांडं खरवडून संपलं, शेवटचा आप्पा पोटात गेला, की मग तोंडातून अख्खा बदाम काढून दाखवायचा. तोवर प्रत्येक फेरीला प्रत्येकानं एक आप्पा खायचाच. ज्याला झेपत नाही त्यानं काटा खाली ठेवायचा आणि आ करून रिकामं तोंड दाखवून उठायचं. त्यात बदाम निघाला तर तो नव्या आप्प्यात जातो. कुणाचा संशय आलाच, तर आपला काटा त्याच्या बशीत ठेवून त्याला आ करायला लावता येतं. हे मात्र एकदाच, आणि ज्याला असं आ करायला लावलं त्याला नंतर दुसऱ्याच्या बशीत काटा ठेवता येत नाही. बदाम निघाला तर कारभारीपण तुमचं, नाही निघाला तर तुम्ही तोंड दाखवून बाद. आणि बदाम चावला गेला किंवा गिळला गेला, तर त्या वर्षी कारभारीच नाही.

माझे आजोबा सांगत, पूर्वी हे सगळं वल्ह्यांनी ठरायचं. पण दर वर्षी मतदार कमी व्हायला लागले, म्हणून बायकांनी वल्ही चुलीत घातली आणि पात्र काढलं.

त्या वर्षी पात्र मारेनच्या घरी आलं होतं, आणि मारेनचीच बाग पणाला लागली होती.

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेचा इंजिनियर बोटीनं येणार होता, नव्या धक्क्याची जागा पक्की करायला. जागा दोन. एक उत्तरेचं खडकाळ टोक, जिथं फक्त पाणपक्षी भांडतात. दुसरी दक्षिणेचा उतार, जिथं मारेनची सफरचंदाची बाग आहे. नवरा गेल्यावर तिच्याकडे उरलं काय, तर ती झाडं. त्यांची फळं, त्यांचा रस, त्यांचा मुरंबा, यावर तिचं घर चालतं. दक्षिणेला धक्का झाला की बाग आडवी आणि मारेन मुलीकडे, शहरात, चौथ्या मजल्यावर. कारभारी बोट दाखवील तिथं खुंट्या ठोकल्या जाणार होत्या. कारभारी नसेल, तर नकाशात आहे तिथं. आणि नकाशात बाग नव्हतीच. नुसता उतार काढलेला होता, दक्षिणेचा.

दक्षिणेला धक्का हवा होता विल्लसला. बागेला लागून त्याचं उन्हाळी पाहुण्यांचं घर आहे. बोटीतून उतरलेला माणूस थेट त्याच्या अंथरुणात पडावा, असा त्याचा हिशेब. विल्लस म्हणजे दणदणीत माणूस. त्याचा आवाज असा, की बोटीचा भोंगा बिघडला तेव्हा दोन हंगाम विल्लसलाच धक्क्यावर उभा करून काम भागवलं होतं. त्याच्या बाजूनं बोटीचा कप्तान आस्गर. मारेनच्या बाजूनं म्हातारा लाउरिट्स, जो ठार बहिरा आहे, पण स्वतःबद्दल वाईट बोललेलं त्याला बेटाच्या दुसऱ्या टोकाहून ऐकू येतं. शाळा बंद झाली तरी शाळामास्तरीण राहिलेली सिग्ने कुणाच्याच बाजूची नव्हती. आणि पाचवा मी, थोरवाल, मारेनच्याच बाजूचा. मला बेटावर कुणी खोटारडा म्हणत नाही. ‘थोरवाल सांगत होता’ एवढंच म्हणतात, आणि मग पुढे कुणी काही विचारत नाही.

बदाम टाकायचं काम विल्लसच्या बायकोकडे, बोदिलकडे दिलं होतं, म्हणजे कुणाला बोलायला जागा नको. मारेननं खिडकीकडे तोंड केलं, बोदिलनं एका खळग्यात बदाम सोडला आणि बोटं पुसली. मारेननं वर पीठ ओतलं, सुईनं भराभर उलटवलं, आणखी दोन घाणे काढले, सगळे आप्पे परातीत एकत्र लोटले आणि वर फडकं टाकलं.

पहिल्या फेरीला काही नाही. दुसऱ्या फेरीला आप्प्यात दात रोवले आणि माझ्या वरच्या कवळीला काहीतरी टक्कन लागलं.

मी जिभेनं चाचपलं. गुळगुळीत, एका टोकाला अणकुचीदार. सफरचंदाला टोक नसतं. जिभेनंच हळूच ढकलून मी ते डाव्या गालात, कवळीच्या वरच्या खाचेत बसवलं आणि समोर पाहिलं. कुणाचं लक्ष नव्हतं. फडक्याच्या भोकातून वाफ येत होती, मारेन पाठमोरी होती.

आता पंचाईत अशी, की एरवी मी गप्प कधीच बसत नाही. मी गप्प बसलो असतो तर भिंतीकडच्या मांजरालासुद्धा कळलं असतं. म्हणून बदाम गालात धरून मी बोलायला सुरुवात केली. समुद्र एका झटक्यात गोठला आणि लाटा उभ्याच्या उभ्या राहिल्या, त्यांवरून पोरं एप्रिलपर्यंत घसरत होती, ती गोष्ट सांगितली. शब्द उजव्या बाजूनं काढायचे, आप्पा उजव्या बाजूनं चावायचा, डावी बाजू देवघरासारखी बंद.

तेवढ्यात सिग्नेला ठसका लागला. आस्गर टपलेलाच होता. त्यानं काटा तिच्या बशीत टाकला.

“उघड तोंड, मास्तरीणबाई.”

“पिठीसाखर गेली रे घशात.”

“ते बघू की.”

सिग्नेनं आ केला. आत पिठीसाखरच होती. आस्गरनं स्वतःचं रिकामं तोंड दाखवलं, टोपी घातली आणि जाता जाता विल्लसकडे पाहून डोकं इतकंसं हलवलं. मी ते पाहिलं. म्हणजे बदाम आस्गरकडे नाही नि विल्लसकडेही नाही, तो आमच्यातल्या कुणाकडे तरी जाणार, हे आता विल्लसला पक्कं कळलं होतं.

इथून विल्लस बोलायचा थांबला.

खिडक्यांची तावदानं थरथरायची थांबली तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. विल्लस खाली मान घालून खातोय, एका गालानं चावतोय, दुसरा गाल हातावर टेकवलेला. मारेननं सुई हातात धरून त्याच्याकडे पाहिलं. मग बागेकडे पाहिलं. तिच्या मानेची शीर ताठ झालेली मला दिसली. तिची खात्री पटली होती, बदाम विल्लसच्या तोंडात आहे. आणि भांड्यात पीठ उरलं होतं जेमतेम दोन घाण्यांचं.

मारेननं काय करावं? तिनं टोपलीतली अंडी घेतली आणि एकेक करून भांड्यात फोडली. वर मैदा, वर ताक.

बोदिल भिंतीपासून पुढे आली. “हे काय चाललंय, मारेन?”

“पीठ घट्ट झालं होतं.”

“घट्ट झालं तर चमचाभर ताक घालतात. तू पुन्हा भांडं भरलंस.”

“भांडं खरवडून संपेपर्यंत, असा नेम आहे ना? भांडं खरवडल्याशिवाय खेळ संपत नाही. त्यात काय घालायचं नि किती वेळा, हे कुणी ठरवलंय?”

“हे बरोबर नाही.”

“का गं, तुला कसली घाई? तुझ्या माणसाच्या तोंडात काही आहे का?”

बोदिलला तोंड मिटावं लागलं. हो म्हणावं तर नवऱ्याचं उघडं पडतं, नाही म्हणावं तर तक्रार कशाची. ती परत भिंतीला टेकली. मारेननं पात्राला लोणी फासलं, आणि मी मनातल्या मनात म्हटलं, गेली बाग.

कारण विल्लस सोंग करत होता. त्याचे डोळे मारेनकडे नव्हतेच. ते आमच्या तिघांच्या गालांवरून फिरत होते. मारेनला वाटत होतं, आपण विल्लसला काटा खाली ठेवायला लावतोय. आणि विल्लस तिच्याच हातानं आम्हाला भरवत होता, कुणीतरी चावावं, गिळावं, ठसकावं म्हणून. बदाम गेला की कारभारी नाही. कारभारी नाही की नकाशा.

मी तिला सांगणार कसं? नजरेनं खुणावलं तर विल्लस बसलाच होता समोर काटा हातात धरून.

मग खाणं सुरू झालं. त्या दिवशीचं खाणं मी नंतर अनेकांना सांगितलंय आणि कुणी विश्वास ठेवला नाही, तेव्हा थोडक्यात सांगतो. मारेन काढत होती आणि आम्ही खात होतो. बेटावरच्या कोंबड्या त्या दुपारी वाटेकडे डोळे लावून बसल्या होत्या, कारण शेजारणी खुराड्यातून अंडी काढून परस्पर मारेनच्या स्वयंपाकघरात आणून देत होत्या. माझा पट्टा आधी एक भोक सरकला, मग दुसरं, मग मी तो काढून खुर्चीच्या पाठीला टांगला. सफरचंदं संपली. मारेननं बरणीतले नासपती काढले. ते संपले, मग सुकवलेले आलुबुखार. ते संपल्यावर बोरांचा मुरंबा. फळ आत हवंच, त्याशिवाय आप्पा मोजत नाहीत.

आणि बदाम भिजत चालला होता. कडक होता तेव्हा त्याचा भरवसा होता. आता तो फुगून गुबगुबीत झाला होता आणि जीभ लागली की मधल्या रेघेवर हलत होता. सोललेला बदाम भिजला की त्याच्या दोन फाका होतात, हे मला माहीत होतं. बोलताना गाल हलतो, गाल हलला की बदाम हलतो. पण थांबता येत नव्हतं.

सिग्नेनं काटा खाली ठेवला. “माझ्यानं आता श्वाससुद्धा आत जाणार नाही.” तिनं आ केला, काही नव्हतं, आणि ती भिंतीकडे जाऊन खिडकीच्या चौकटीला धरून उभी राहिली. उरलो विल्लस, लाउरिट्स आणि मी.

तेव्हा मी शेवटचा प्रयत्न केला. मारेन परात घेऊन जवळ आली, तशी मी गोष्ट काढली.

“माझा काका मॅस नि त्याचा मेहुणा धुक्यात जाळं ओढत होते. जाळं जड लागलं. काकाला वाटलं, त्या टोकाला सील आहे, दर वर्षी मासे पळवणारी. तो ओढतोय, शिव्या देतोय, आज तुला सोडत नाही म्हणतोय. आणि त्या टोकाला सील नव्हतीच. मेहुणा पाण्यात पडला होता, त्याच्या कोटाची गुंडी जाळ्यात अडकलेली.”

“मग ओरडायचं त्यानं,” सिग्ने म्हणाली.

“तोंड उघडलं की पाणी आत जातंय. ओरडणार कसा?”

“मग काय झालं?”

“काका ओढतच राहिला,” मी मारेनकडे पाहत म्हटलं. “आपल्याच माणसाला.”

“मेला का मेहुणा?”

“ते ओढणाऱ्याच्या हातात होतं.”

मारेननं माझ्या बशीत आप्पा वाढला, त्यातल्या त्यात मोठा. “थोरवाल, तुझी सील राहू दे. खा.”

पण विल्लसनं मान वर केली. तो माझ्याकडे पाहत होता. भिंतीशी बोदिलही माझ्याकडे पाहत होती.

बोरांचा मुरंबा संपला. मारेननं बरणीत चमचा खडखडवला, कपाट उघडलं, बंद केलं. मग अंगावर शाल घेतली आणि मागच्या दारानं बागेत गेली. झाडांच्या शेंड्यांवरची काही सफरचंदं आम्ही थंडीतल्या पाखरांसाठी सोडून देतो. ती काढायला ती गेली होती. खिडकीतून शिडी झाडाला लागलेली दिसली.

दार लागलं आणि विल्लस बोलला. इतक्या वेळानं त्याचा आवाज ऐकून चुलीवरचं झाकण हललं.

“थोरवाल, खरं सांग. तुझ्याकडे आहे का?”

विचारायला बंदी नाही. उत्तर खरंच द्यावं, अशीही सक्ती नाही. भिंतीकडचं सगळं बेट कॉफीचे कप हवेत धरून थांबलं. मी नाही म्हणालो असतो, तर माझ्या नाहीची किंमत तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होती.

“हो,” मी म्हटलं. “डाव्या गालात आहे. कवळीच्या वर.”

“कधीपासून?”

“दुसऱ्या फेरीपासून.”

“आणि एवढा वेळ बडबडत होतास?”

“न बडबडता मला तू कधी पाहिलंयस?”

विल्लसनं काटा उचलला आणि माझ्या बशीवर धरला. काट्याच्या टोकाला मुरंबा लागलेला होता; एक थेंब माझ्या बशीत पडला. मी त्या थेंबाकडे पाहत राहिलो. त्याच्या डोळ्यांत पाहायची माझी छाती नव्हती.

“टाक की,” बोदिल म्हणाली. “तो स्वतः म्हणतोय.”

“म्हणूनच नाही टाकत. ह्या माणसाच्या तोंडातून आजवर कधी एक गोष्ट खरी निघालीय?”

“अरे, पण ती सीलची गोष्ट—”

“गेल्या वर्षी त्यानं मला गळ्यात टाय असलेल्या हेरिंग माशाची गोष्ट सांगितली. तिचा काय अर्थ होता, सांग?”

“विल्लस, माझं ऐक.”

“ह्याच्याकडे असता तर हा नाहीच म्हणाला असता. स्वतःवर ओढून कुणाला वाचवतोय, ते बघ.” आणि तो लाउरिट्सकडे वळला. लाउरिट्स डोळे मिटून बसला होता, हात पोटावर, तोंड गच्च बंद. “हा बघ. सकाळपासून चकार शब्द नाही.”

“तो बहिरा आहे, विल्लस. तो नेहमीच असा असतो.”

“तेच तर. ह्याच्यावर कोण संशय घेणार?”

काटा लाउरिट्सच्या बशीत पडला. लाउरिट्सनं एक डोळा उघडला, काट्याकडे पाहिलं, विल्लसकडे पाहिलं, आणि गुहेसारखा आ केला. आत एक दात होता आणि आप्प्याचा एक तुकडा. बाकी अंधार. सिग्नेनं चमचा घालून सगळीकडे फिरवून पाहिलं.

“नाही,” ती म्हणाली. “आता तू, विल्लस.”

विल्लसनं आ केला, आणि तो तसाच असताना मारेन आत आली. ओच्यात सफरचंदं, नाक थंडीनं लाल. तिनं विल्लसच्या तोंडात पाहिलं. मग लाउरिट्सच्या बशीतला काटा पाहिला. मग हळूहळू, जणू मानेला कुणी दोरी बांधून वळवत होतं, तिनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिच्या ओच्यातलं एक सफरचंद खाली पडून टेबलाखाली गेलं.

आता सगळ्यांनाच कळलं होतं. पण माझ्या बशीत काटा ठेवायला कुणी उरलं नव्हतं; लाउरिट्स आमचा होता, पण त्याला आ करायला लावल्यामुळे त्यालाही तो ठेवता येत नव्हता. मारेननं पिठाचं भांडं उचललं. ते अजून निम्मं भरलेलं होतं. ती मोरीकडे वळली.

“अं हं,” बोदिल म्हणाली. “भांडं खरवडून संपेपर्यंत. तूच म्हणालीस.”

मारेन थांबली.

“आणि फळ आत हवं,” बोदिल म्हणाली. “आणलीस ना तू? चिर.”

मारेननं कधी इतक्या पातळ चकत्या चिरल्या नसतील. त्यांतून खिडकी दिसत होती. तिनं त्या आधी लोण्यात मऊ केल्या, म्हणजे मला चावायला लागू नये. लाउरिट्स एक खायचा, मी एक खायचो. तिसऱ्या का चौथ्या आप्प्याला लाउरिट्सनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, मान हलवली आणि काटा खाली ठेवला. मग सगळं माझ्या एकट्यावर आलं.

मी आता बोलत नव्हतो. लपवायचं काही राहिलं नव्हतं, आणि बदामाच्या दोन्ही फाका जिभेला वेगवेगळ्या कळत होत्या. मी फक्त हळूहळू गिळत होतो. घरात सुईचा पात्रावर होणारा आवाज तेवढा होता.

हाताची घडी घालून विल्लस माझ्यासमोर बसला. मग त्यानं गोष्ट सुरू केली. माझी गोष्ट, लाटा गोठल्याची.

“तर त्या वर्षी काय झालं,” तो म्हणाला, “समुद्र हळूहळू गोठला. महिनाभर लागला. लाटा आधीच सपाट झाल्या होत्या.”

माझी जीभ आपोआप हलली. मी ती दाबून धरली.

“पोरं घसरायला गेली, पण फार मजा आली नाही. आठवड्यात बर्फ वितळलं. ही गोष्ट थोरवालच्या आजोबांनी सांगितलेली नाही, त्यानं वर्तमानपत्रात वाचलीय.”

भिंतीकडे कुणीतरी हसलं. पोट फुटेल याची भीती मला त्या दिवशी अनेकदा वाटली होती. पण आता जे फुटू पाहत होतं ते दुसरंच होतं. लाटा उभ्या होत्या. माझ्या आजोबांनी त्यांतली एक कापून घरी आणली होती. एप्रिलपर्यंत ती अंगणात होती.

“शेवटी लाट बिट काही नव्हतीच,” विल्लस म्हणाला. “डबकं होतं.”

मी टेबलाची कड धरली. मारेननं सुई खाली ठेवली, माझ्यामागे येऊन उभी राहिली आणि माझ्या दोन्ही कानांवर आपले पिठानं भरलेले तळवे दाबले. विल्लसचे ओठ हलताना दिसत होते. आवाज येत नव्हता. म्हणजे येत होता, विल्लसचाच तो, पण लांबून, धुक्यातल्या भोंग्यासारखा. सिग्नेनं पुढे होऊन सुई घेतली आणि पात्रातले आप्पे उलटवले.

भांडं खरवडलं ते लाउरिट्सनं. बोदिलनं आत बोट फिरवून खात्री केली. शेवटचा आप्पा लहानच निघाला. मी तो दोन घासांत खाल्ला, गिळला, पाण्याचा घोट न घेता थांबलो, आणि मग तळहातावर बदाम काढून ठेवला.

तो पांढराफटक, फुगलेला, मधोमध चिरल्यासारखा दिसत होता. बोदिलनं चष्मा लावला. तिनं बदाम दोन बोटांत धरला, दिव्याकडे नेला, फिरवला. दोन फाका टोकाशी, अगदी टोकाशी, एकमेकींना चिकटलेल्या होत्या. जराशी नखं दाबली असती तर त्या सुटल्या असत्या, आणि तिचं घर बागेला लागून होतं.

“अख्खा आहे,” बोदिल म्हणाली.

“नीट बघ,” विल्लस म्हणाला.

“बघितलं. अख्खा आहे.” तिनं बदाम माझ्या हातावर परत ठेवला आणि चष्मा काढला. “पुढच्या वर्षी पात्र आमच्याकडे आहे, मारेन. अंडी आतापासून साठवते.”

मारेन खुर्चीत बसली होती, सकाळपासून पहिल्यांदा, आणि पिठाच्या हातांनीच तिनं तोंड झाकून घेतलं होतं.

सोमवारी इंजिनियर आला तेव्हा नवा कारभारी बिछान्यातून उठू शकत नव्हता. मारेननं मला सफरचंदं वाहायच्या ढकलगाडीत घातलं, वर घोंगडी टाकली आणि उत्तरेच्या टोकापर्यंत ढकलत नेलं. मी घोंगडीतून हात काढून बोट दाखवलं. इंजिनियरनं खडकावर खुंटी ठोकली, ती वाकली. दुसरी ठोकली, तीही वाकली. तिसरी बसली. पाणपक्षी ओरडत आमच्या डोक्यांवर घिरट्या घालायला लागले.

मारेन बराच वेळ त्या खुंटीकडे पाहत उभी होती. मग तिनं गाडी वाकडी करून मला खाली उतरवलं आणि रिकामी गाडी घेऊन घराकडे निघाली.

“अगं, मी?” मी म्हटलं.

“चालत ये,” ती मागे न पाहता म्हणाली. “जिरेल जरा.”